‘पोपट झाला’ चालतं, ‘जिरली’ खटकते, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी मूळची कोइमतूरची, काही वर्षांपासून पुण्यात नोकरी करते आणि मराठी ऑफिसात ऐकून ऐकूनच शिकले. आमच्या टीममध्ये कुणाचं काही फसलं की ‘पोपट झाला’ म्हणून सगळे हसतात. माझाही कितीदा झालाय, मीही हसले आहे. गेल्या आठवड्यात वयानं मोठ्या असलेल्या एका सहकाऱ्यांचं प्रमोशन हुकलं. मी गमतीत म्हणाले, ‘काय सर, कशी जिरली!’ सगळे एकदम गप्प झाले. दोन्ही शब्द दुसऱ्याची फजिती झाल्यावर हसत हसतच वापरतात ना? मग माझं काय चुकलं?”

तुमचं व्याकरण बरोबर होतं, उच्चारही बरोबर असणार, आणि प्रसंगसुद्धा वरवर पाहता तसाच होता. चुकली ती अट. दुसऱ्याच्या फजितीची मजा घेण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यातला प्रत्येक शब्द स्वतःची एक अट घेऊन येतो. कोण फसलं, कशामुळे फसलं, किती फसलं आणि हसणारा त्याचा कोण लागतो, हे सगळं त्या शब्दात आधीच धरलेलं असतं. मी बरीच वर्षं परप्रांतातून आलेल्या प्रौढांना बोलीतली मराठी शिकवतो. शिव्यांमुळे माझे विद्यार्थी सहसा अडचणीत येत नाहीत, कारण शिवी ही शिवी आहे हे कुठल्याही भाषेच्या माणसाला आवाजावरून कळतं. अडचणीत येतात ते या हसऱ्या शब्दांमुळे. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतात, आणि ऐकताना सगळे एकाच घरातले वाटतात.

आधी पोपट घेऊ. पोपट व्हायला दोन गोष्टी लागतात. माणसाच्या मनात काहीतरी अपेक्षा हवी, आणि ती चारचौघांत फसायला हवी. नटूनथटून, अहेराचं पाकीट घेऊन तुम्ही मंगल कार्यालयाच्या दारात पोचलात आणि लग्न उद्या आहे असं कळलं, की तुमचा पोपट झाला. रस्त्यापलीकडून कुणीतरी हात करतंय म्हणून तुम्ही जोरात हात हलवलात आणि तो तुमच्या मागच्या माणसाला बोलावत होता, तरी पोपट झाला. पावसामुळे सुट्टी जाहीर झाल्याचा मेसेज वाचून तुम्ही पुन्हा पांघरूण ओढलंत आणि तो मेसेज गेल्या वर्षीचा निघाला, हाही पोपटच. पण नुसता पाय घसरून पडलेल्या माणसाचा पोपट होत नाही, कारण त्यानं कसली अपेक्षा धरलेली नव्हती. खिशातलं पाकीट मारलं गेलं तरी नाही. तिथे नुकसान खरं असतं, आणि पोपटाला खरं नुकसान सोसत नाही. संध्याकाळपर्यंत विसरता येईल एवढंच हवं.

यात महत्त्वाचं काय, तर पोपट झालेल्या माणसाचा काही दोष असावा लागत नाही. त्याच्या स्वभावाबद्दल हा शब्द चकार काढत नाही. म्हणूनच तो स्वतःबद्दल बेधडक वापरता येतो. “अरे, काय सांगू, आज माझा असा पोपट झाला…” अशी सुरुवात करून माणसं स्वतःचीच गोष्ट रंगवून सांगतात आणि समोरच्यांना हसायची परवानगी देतात. तुमच्या टीममध्ये तुम्ही जे हसणं ऐकता ते बहुतेक या जातीचं आहे. तुमच्यावर हसतात म्हणजे तुम्हाला आपल्यात धरलंय.

आता जिरली. हे वाक्य जरा नीट बघा: “त्याची जिरली.” क्रियापद स्त्रीलिंगी आहे, पण जिरली ती कोण, हे वाक्यात कुठेच नाही. ‘त्याची’ या षष्ठीच्या पुढचं नाम गायब आहे. ते नाम म्हणजे मस्ती, गुर्मी, घमेंड, रग, खुमखुमी यांपैकी काहीही. पूर्ण बोलायचं तर ‘रग जिरली’, ‘मस्ती जिरली’ असं म्हणतात. रोजच्या बोलण्यात नाम गळून जातं, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असतं. अन्न पोटात जिरतं म्हणजे पचतं, पावसाचं पाणी जमिनीत जिरतं म्हणजे मुरतं. तसाच वर आलेला ताठा ज्याचा त्याच्यातच मुरून गेला. म्हणजे ‘कशी जिरली’ म्हणताना तुम्ही एका दमात दोन गोष्टी सांगता. एक, याचं फसलं. दुसरी, याला माज होता. तुम्हाला फक्त पहिली म्हणायची होती. तुमच्या सरांना आणि आजूबाजूच्यांना दुसरी ऐकू आली.

ही अट पूर्ण झाली तर ‘जिरली’सारखा समाधान देणारा दुसरा शब्द मराठीत नाही, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. ९ मार्च १९९६ची बंगळुरूची विश्वचषक उपउपांत्य लढत ज्यांनी पाहिली, त्यांना समजवावं लागत नाही. भारताच्या २८७ धावांचा पाठलाग करताना पाकिस्तानची सुरुवात जोरात झाली होती. कर्णधार आमिर सोहेलनं वेंकटेश प्रसादला कव्हरमधून चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे रोखून त्याला दाखवलं, की पुढचाही तिथेच जाणार. पुढच्याच चेंडूवर प्रसादनं त्याचा त्रिफळा उडवला. भारत ३९ धावांनी जिंकला. त्या क्षणी मराठी घराघरांतून जो शब्द निघाला तो ‘जिरली’ हाच. सगळं काही जागेवर होतं: आधी दाखवून केलेला तोरा, लगेच मिळालेला जबाब, आणि हरलेल्याचं आयुष्यभराचं काही गेलं नाही. सोहेल शांतपणे खेळता खेळता बाद झाला असता तर आनंद झालाच असता, पण त्याची ‘जिरली’ नसती.

आणि हाच शब्द उलटून आपल्यावरही येतो. २०१५च्या विश्वचषकाच्या वेळी पाकिस्तानच्या चाहत्याला चिडवणारी ‘मौका मौका’ची जाहिरात टीव्हीवर गाजली आणि पुढच्या स्पर्धांतही ती पुन्हा पुन्हा आली. मग २४ ऑक्टोबर २०२१ला दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्ताननं भारताला दहा गडी राखून हरवलं. पुरुषांच्या विश्वचषकातला भारतावरचा तो त्यांचा पहिला विजय. त्या रात्री सीमेपलीकडे जी थट्टा झाली तिला मराठी मापानं मोजलं तर ‘जिरली’ हाच शब्द बसतो, कारण तोरा आधी आपण दाखवला होता. गर्वाचं घर खाली, असं आजी म्हणायची तेच हे. म्हणीतली भाषा सोवळी, ‘जिरली’ची रांगडी, मुद्दा एकच.

इथे आणखी एक फरक ध्यानात ठेवा. ‘जिरली’ हे आपोआप घडतं, ‘जिरवली’ हे कुणीतरी करतं. ‘त्याची जिरली’ म्हणणारा प्रेक्षक असतो. ‘मी त्याची जिरवली’ म्हणणारा खेळाडू असतो, आणि ‘थांब, तुझी जिरवतो’ ही सरळ धमकी आहे. दोघांनी एकमेकांना असं करत राहिलं की ‘जिरवाजिरवी’ होते, ‘मारामारी’ आणि ‘पाडापाडी’च्या चालीवर. मराठी वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या दिवसांत ‘जिरवाजिरवीचं राजकारण’ हा शब्दप्रयोग तुम्हाला हमखास दिसेल. एकाच पक्षातले दोन नेते एकमेकांच्या उमेदवाराला आतून हरवायला बघतात तेव्हा तर ‘अडवा आणि जिरवा’ असा मथळा येतो. त्याचं मूळ माहीत नसेल तर हा मथळा परक्याला कळणारच नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही महाराष्ट्रातल्या जलसंधारणाच्या मोहिमेतली घोषणा. एसटी स्टँडच्या भिंतीपासून शाळेच्या फळ्यापर्यंत सगळीकडे रंगवलेली असायची. दुष्काळी भागातल्या लोकांनी खरोखरच बांध घातले, चर खणले, पाणी मुरवलं, आणि त्याच शब्दांनी राजकारणातली एक जुनी सवयही ओळखली. मला ही मराठीची फार मोठी ताकद वाटते.

बाकीचे शब्द पटकन बघू. ‘बोऱ्या वाजला’, ‘बल्ल्या झाला’, ‘तीन तेरा वाजले’ हे माणसाबद्दल नसून कामाबद्दल आहेत. सहलीचा बोऱ्या वाजतो, आराखड्याचे तीन तेरा वाजतात. त्यात हसणारा आणि ज्याच्यावर हसायचं तो, असे दोन पक्ष नसतात. ‘वाट लागली’ही तसंच, आणि ते बहुतेक वेळा आपण स्वतःबद्दलच म्हणतो. ‘पचका’ मात्र पोपटापेक्षा धारदार असतो. त्याला प्रेक्षक लागतात आणि बहुधा कुणीतरी तो ‘केलेला’ असतो. एखादा मित्रांसमोर एका मुलीवर शायनिंग मारायला गेला आणि तिनं एका वाक्यात गप्प केलं, हा पचका. ‘फजिती’ हा यातला सगळ्यात घरंदाज शब्द. अरबीतल्या ‘फजीहत’वरून आलेला, इतका मुरलेला की आजोबाही स्वतःबद्दल म्हणतात, “काय फजिती झाली माझी बँकेत!” तुम्हाला सुरक्षित शब्द हवा असेल तर हा घ्या.

लहान मुलांचं ‘टुकटुक माकड’ मी वर्गात आवर्जून शिकवतो. एकाला मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही, एवढ्यावर ते चालतं. अट जवळजवळ नाहीच, आणि म्हणूनच ते मुलांपुरतं राहिलंय. मोठ्या माणसानं तेच केलं की लोक त्याला पोरकट म्हणतात. इंटरनेटवरच्या थट्टेत ‘बर्नोल लाव’ आलं, भाजल्यावर लावायच्या मलमाच्या नावावरून: आमचं चांगलं झालं, तुझी जळली, आता मलम लाव. मला हे फारसं आवडत नाही. समोरच्याची जळलीच आहे असं आपणच ठरवून टाकायचं आणि मग त्यावर हसायचं, यात गंमत कमी आणि उर्मटपणा जास्त आहे.

‘बरं झालं’ आणि ‘असंच पाहिजे’ यांच्याबद्दल सावध राहा. आई पोराला म्हणते, “पडलास ना? बरं झालं. सांगत होते, ओल्या फरशीवर पळू नकोस,” आणि म्हणता म्हणता गुडघ्याला हळद लावत असते. तो हात दिसतो म्हणून ते ‘बरं झालं’ ऐकवतं. तेच शब्द परक्या माणसानं, हात न लावता म्हटले तर ते शाप वाटतात.

आता दुसऱ्या बाजूला बघा. फजितीचे शब्द घटनेला चिकटतात, पण मजा घेणाऱ्याची मर्यादा सुटली की मराठी वेगळी शब्दसंपदा बाहेर काढते, आणि ती अजिबात हसरी नाही. विघ्नसंतोषी. आसुरी आनंद. जखमेवर मीठ चोळणं. फिदीफिदी हसणं. दुसऱ्याचं घर जळताना मजा बघणं. दोन्ही शब्दसंग्रह एकाच समाजानं शेजारी शेजारी ठेवलेत, आणि त्यांच्यातली हद्द कुठे आहे हे माणसं न शिकवता शिकतात. आजारपण, मृत्यू, घर मोडणं, नोकरी जाणं, मूलबाळ न होणं, यातल्या कशावरही ‘पोपट’ किंवा ‘जिरली’ म्हणणारा माणूस त्या क्षणी पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत जातो. प्रमोशन अगदी सीमेवर येतं. त्यात पैसा आहे, घरच्यांना सांगायची लाज आहे, वयानं लहान असलेला साहेब होण्याची भीती आहे. तुमच्या टीमला गप्प व्हायला एवढं पुरेसं होतं.

जपानी भाषेतला एक शब्द इथे शेजारी ठेवतो, म्हणजे मराठीची तऱ्हा उठून दिसेल. इंटरनेटवरच्या जपानीत ‘मेशिउमा’ म्हणतात. ‘दुसऱ्याच्या दुर्दैवानं आजही जेवण चवदार लागतंय’ अशा एका लांब वाक्याचं ते संक्षिप्त रूप. योमिउरी जायंट्स या तोक्योच्या बलाढ्य बेसबॉल संघाच्या विरोधकांच्या ऑनलाइन गप्पांत तो रुजला: जायंट्स हरले, आज जेवण गोड लागतंय. हा शब्द बोलणाऱ्याच्या ताटाबद्दल आहे. हरलेल्याला माज होता की नव्हता, याची तो चौकशीच करत नाही, आणि त्या अर्थानं तो प्रामाणिक आहे: मला मजा आली, बस. मराठी ‘जिरली’ मात्र स्वतःच्या आनंदाबद्दल अवाक्षर काढत नाही. ती समोरच्याच्या ताठ्याबद्दल बोलते, न्यायाचा आव आणते. आनंद न्यायाच्या पदराखाली झाकलेला असतो.

आणि हा आनंद येतो कुठून, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी १९८९च्या सुमारास यशानं उंचावर गेलेल्या माणसांच्या पडझडीकडे लोक कसे बघतात याचा अभ्यास केला. पडलेला माणूस त्या उंचीला लायक होता की नव्हता, यावर बघणाऱ्याचं समाधान बरंच अवलंबून असतं, हा त्यांच्या कामातला मोठा धागा. ‘जिरली’ ती हीच. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हिदेहिको ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९ जणांच्या मेंदूचं प्रतिमांकन करून केलेला अभ्यास आला. ज्याचा हेवा वाटतो त्याचं काही वाईट झालं अशी कल्पना केली की मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जागा होतो, आणि हेवा जितका बोचरा तितका हा आनंद जास्त, असं त्यात दिसलं. तिसरा उगम म्हणजे गट. आपला संघ, आपलं गाव, आपला पक्ष. तिथे समोरच्या एकट्या माणसाशी आपलं काही देणंघेणंही नसतं.

अडचण अशी की हे तीन उगम आतून वेगळे जाणवत नाहीत. हेव्यातून आलेला आनंदही आपल्याला न्यायाचाच वाटतो, कारण ‘मला त्याचा हेवा वाटत होता’ यापेक्षा ‘त्याला माज होता’ असं म्हणणं सोपं जातं. मराठी बोलताना तर ‘जिरली’ हा शब्द हाताशीच असतो, मग माज शोधून काढायला कितीसा वेळ लागणार? मी विद्यार्थ्यांना सांगतो की हा शब्द ओठावर आला तर तो माज कधी, कुणासमोर, कसा दाखवला गेला, हे एका वाक्यात सांगून बघा. आमिर सोहेलबद्दल ते सांगता येतं. आठवूनही सांगता येत नसेल तर तो माज आपण आता शिवून दिलेला आहे.

या शब्दाची खरी काळी बाजू इथेच आहे, आणि शिकवताना मी ती कधी टाळत नाही. माज कोणाला आहे हे ठरवतो कोण? बहुतेक वेळा ज्याच्या हातात जास्त आहे तो. एखाद्या खेड्यातला मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्यात येतो, पेठांमधल्या एखाद्या खोलीत कॉट भाड्यानं घेतो, अभ्यासिकेत दिवस काढतो, आणि एमपीएससीची पूर्व परीक्षा पुन्हा पुन्हा देऊनही यादीत नाव लागत नाही म्हणून परत जातो. पारावर कुणीतरी म्हणतं, “लय साहेब व्हायला निघाला होता. जिरली.” त्यानं कुणाला काही मिरवून दाखवलेलं नसतं. त्यानं फक्त जायचं ठरवलं होतं, आणि ते जाणंच माज धरलं गेलं. स्वतःच्या पगाराचा हिशेब सासरी न देणाऱ्या सुनेबद्दल ‘हिची एकदा जिरवली पाहिजे’ असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. त्यातला एकही माणूस स्वतःला दुष्ट समजत नव्हता.

जातीच्या बाबतीत तर या क्रियापदाला रक्त लागलेलं आहे. ज्यांनी मान खाली घालून चालावं अशी गावाची अपेक्षा होती, त्यांनी चांगले कपडे घातले, घोड्यावरून वरात काढली, जमिनीवर हक्क सांगितला, की त्याला ‘माज’ हे नाव मिळालं, आणि पुढची मारहाण, कोंडी, बहिष्कार सगळं ‘जिरवण्या’च्या खात्यात जमा झालं. जातपंचायतींच्या आणि गावकीच्या बहिष्कारांमुळे लोकांचा इतका छळ झाला की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६चा स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून माझा आग्रह असतो की हा शब्द वरच्या दिशेनं वापरावा. आपल्यापेक्षा ताकदवान, तोरा मिरवणाऱ्या माणसाबद्दल, संघाबद्दल, सत्तेबद्दल. खालच्या दिशेनं वापरला की तो गंमत राहत नाही, हत्यार होतो.

हसणारा त्या माणसाचा कोण लागतो, हेही राहिलंच. मराठी घरात काही नाती थट्टेसाठी मोकळी असतात: मेहुणा-मेहुणी, दीर-वहिनी, आजी आणि नातवंडं. लग्नात कानपिळी असते. नवरीचा भाऊ भर मांडवात नवरदेवाचा कान पिळतो, सगळे हसतात, आणि नवरदेव हसत हसत त्याला अंगठी किंवा कपडे देतो. होळीच्या दिवशी बोंब मारायची मुभा वर्षभरात तेवढीच. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं विडा गाव तर यात सगळ्यांच्या पुढे आहे. तिथे धुळवडीला गावातल्या एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून, रंग उधळत गावभर फिरवतात. सण जवळ आला की जावई लपून बसतात आणि गावकरी त्यांना शोधत फिरतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे घालून, आहेर करून सन्मान करतात.

विडा गावाची ही परंपरा मी नेहमी सांगतो, कारण थट्टा सोसणारी कशी होते ते त्यात लख्ख दिसतं. दिवस ठरलेला आहे. माणूस असा निवडलाय की एरवी त्याचा मानच सगळ्यात मोठा. जावयापुढे गावात कुणी चढ्या आवाजात बोलत नाही, म्हणून त्यालाच गाढवावर बसवता येतं. थट्टेला शेवट आहे आणि शेवटी भरपाई आहे. तुमच्या ऑफिसात पोपट झाल्यावर पार्टी मागतात किंवा चहा पाजतात, ती त्याचीच लहान आवृत्ती समजा. ज्या थट्टेत शेवटी हातात काही परत दिलं जात नाही, तिच्याबद्दल मला शंका असते. व्हॉट्सॲप ग्रुपवरची थट्टा मला म्हणूनच आवडत नाही. तिला दिवस नाही, शेवट नाही, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी तोच स्क्रीनशॉट पुन्हा टाकतं.

आता तुमच्या सरांचं. त्यांना एकटं गाठा, टीमसमोर नको, कारण टीमसमोर माफी मागितली तर प्रमोशनचा विषय पुन्हा सगळ्यांपुढे निघेल. साध्या शब्दांत सांगा: “सर, त्या दिवशी मी ‘जिरली’ म्हणाले. मला वाटलं तो ‘पोपट’सारखाच शब्द आहे. तुम्हाला माज होता असं मला अजिबात म्हणायचं नव्हतं.” एवढं पुरे. भाषा नवीन आहे, मी बाहेरची आहे, असं लांबण लावू नका. ते बहुधा “अहो, सोडा हो” म्हणतील आणि विषय बदलतील. बदलू द्या. त्या प्रसंगी तुमच्या तोंडी शोभलं असतं असं वाक्य होतं, “हुकलं हो सर तुमचं, वाईट वाटलं.” ‘हुकणे’ या क्रियापदात दोष कुणाचाच नसतो. बस हुकते, कॅच हुकतो, बढती हुकते.

आणि त्यांच्या बाबतीत ‘पोपट’ही इतक्यात वापरू नका. ज्यांना आपण ‘अहो’ म्हणतो त्यांचा पोपट त्यांच्या तोंडावर आपण जाहीर करत नाही. कधीतरी चहाच्या टपरीवर ते स्वतःच म्हणाले, “यंदाही आमचा पोपट केला बघा मॅनेजमेंटनं,” तर खुशाल हसा, आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे तुम्ही द्या.